क्लॉक १६८ मेगाहर्ट्झचा, पण इन्स्ट्रक्शन वेळेवर पोचतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एसटीएम३२एफ४०७ ही एसटी कंपनीची मायक्रोकंट्रोलर चिप, क्लॉक १६८ मेगाहर्ट्झ. टायमरचा इंटरप्ट (चालू काम थांबवून ठरलेला कोड चालवायला लावणारा इशारा) दर १० मायक्रोसेकंदांनी येतो आणि त्यात ६४ टॅपचा (म्हणजे ६४ गुणाकारांच्या बेरजेचा) एक फिल्टर आणि एक पीआयडी (चूक मोजून नियंत्रण दुरुस्त करणारं गणित) चालतो. सरासरी १,३०० सायकल (क्लॉकचे ठोके) लागतात, पण मधूनच एखादा फेरा १,७०० च्या वर जातो आणि पुढचा इंटरप्ट हुकतो. पाइपलाइन, कॅश (नुकतंच वापरलेलं जवळ ठेवणारी छोटी मेमरी), ब्रँच प्रेडिक्शन (कोडमधली उडी कुठे जाईल याचा अंदाज), सुपरस्केलर (एका सायकलमध्ये अनेक इन्स्ट्रक्शन) हे सगळं तुम्ही पुस्तकात वाचलंय. त्यातलं या चिपमध्ये खरोखर काय आहे आणि कशाने फरक पडेल, हे तुम्हाला हवंय.

आधी हिशोब करू. १६८ मेगाहर्ट्झला १० मायक्रोसेकंद म्हणजे १,६८० सायकल. इंटरप्टमध्ये शिरणं, काम करणं, बाहेर पडणं आणि मधे वरच्या प्रायॉरिटीचा दुसरा इंटरप्ट आला तर त्याचंही काम, एवढं सगळं त्यात बसायला हवं. सरासरीत तुम्ही आरामात पास आहात. नापास होताय ते सर्वात वाईट फेऱ्यात. हा फरक पहिल्यापासून डोक्यात ठेवा, कारण प्रोसेसर वेगवान करण्याची बहुतेक तंत्रं सरासरी सुधारतात. सर्वात वाईट फेरा सुधारणारी तंत्रं थोडी आहेत, आणि काही तर तो बिघडवतात. डेस्कटॉपवर याचं कुणाला सोयरसुतक नसतं. तुमच्याकडे मात्र सगळा खेळच त्यावर आहे.

पाइपलाइनबद्दल फार लिहीत नाही, कारण ती तुम्ही वाचली आहे आणि तिच्यात बदलण्यासारखं तुमच्या हातात काही नाही. १९८० च्या मूळ ८०५१ मध्ये एका मशीन सायकलला क्लॉकचे १२ ठोके लागायचे. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तरी सेकंदाला जास्तीत जास्त १० लाख इन्स्ट्रक्शन. पाइपलाइनने ही उधळपट्टी थांबवली: एक इन्स्ट्रक्शन चालत असताना दुसरी डीकोड होते आणि तिसरी मेमरीतून येत असते. तुमच्या चिपमधल्या कॉर्टेक्स-एम४ या आर्मच्या कोअरमध्ये (प्रोसेसरच्या गाभ्यात) असे ३ टप्पे आहेत, कॉर्टेक्स-एम७ मध्ये ६. गंमत म्हणजे कॉर्टेक्स-एम०+ मध्ये डिझायनर्सनी टप्पे कमी करून २ वर आणले. पाइपलाइन जितकी लांब, तितकं ब्रँच आल्यावर टाकून द्यावं लागणारं काम जास्त, आणि टाकून दिलेल्या कामालाही वीज लागतेच.

ब्रँचचा खर्च मात्र तुमच्या कामाचा आहे. एम४ वर घेतलेली ब्रँच म्हणजे १ सायकल अधिक पाइपलाइन पुन्हा भरायला १ ते ३. एम४ मध्ये मोठमोठी प्रेडिक्शन टेबलं वगैरे काही नाही. ब्रँच डीकोड होत असतानाच तिच्या ठिकाणाची इन्स्ट्रक्शन मागवून ठेवायची, एवढीच हुशारी त्यात आहे. ६४ टॅपच्या लूपमध्ये दर फेऱ्याला सरासरी ३ सायकल धरल्या तर नुसत्या उलट्या उड्यांवर १९० च्या आसपास सायकल जातात. लूप चारपट उलगडला, म्हणजे एका फेऱ्यात चार टॅपचं काम लिहिलं, की उड्या १६ उरतात आणि खर्च ५० च्या खाली येतो. डीएसपी (सिग्नलच्या गणितासाठीच्या) प्रोसेसरांमध्ये यासाठी लूपचं हार्डवेअरच असतं: किती वेळा फिरायचं ते एका रजिस्टरमध्ये लिहायचं, मग मोजणं आणि उडी दोन्ही फुकट. आर्मने हे एम मालिकेत आणलं ते बरंच उशिरा, कॉर्टेक्स-एम५५ च्या वेळी. तुमच्याकडे ते नाही, म्हणून हाताने किंवा कंपायलरकडून उलगडून घ्या. पण बेताने. उलगडलेला कोड लांबतो, आणि लांब कोड फ्लॅशमधून, म्हणजे प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरीतून, येतो.

घोडं पेंड खातं ते इथेच.

या चिपमधली फ्लॅश साधारण ३० मेगाहर्ट्झच्या वेगानेच वाचता येते. ३.३ व्होल्टवर १६८ मेगाहर्ट्झ चालवायचं तर ५ वेट स्टेट (वाट बघायच्या जादा सायकल) ठेवाव्या लागतात, म्हणजे फ्लॅशमधून एकदा वाचायला ६ सायकल. काहीच उपाय केला नसता तर तुमचा १६८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बराचसा वेळ नुसता वाट बघत उभा राहिला असता. म्हणून एसटीने फ्लॅश आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक यंत्रणा बसवली आहे आणि तिला एआरटी ॲक्सिलरेटर असं भारदस्त नाव दिलंय. तिच्यात तीन गोष्टी आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या समजून घेतल्याशिवाय तुमचं कोडं सुटणार नाही.

पहिली गोष्ट, फ्लॅश एका वेळी १२८ बिट देते. १२८ बिटांत १६ बिटांच्या ८ इन्स्ट्रक्शन बसतात किंवा ३२ बिटांच्या ४. दुसरी गोष्ट प्रीफेच: प्रोसेसर ही ओळ वापरत असताना पुढची ओळ आधीच मागवली जाते. आता सरळ रेषेत चालणाऱ्या कोडचा हिशोब करा. ओळ यायला ६ सायकल लागतात. त्या ओळीत १६ बिटांच्या ८ इन्स्ट्रक्शन असतील आणि प्रत्येकीला एक सायकल लागत असेल, तर प्रोसेसर ८ सायकल गुंतलेला राहतो आणि पुढची ओळ वेळेत हजर होते. पण ओळीत ३२ बिटांच्या ४ इन्स्ट्रक्शन असतील, तर प्रोसेसरचं काम ४ सायकलमध्ये आटोपतं आणि तो २ सायकल ताटकळतो. फ्लोटिंग पॉइंटच्या इन्स्ट्रक्शन सगळ्या ३२ बिटांच्या असतात. म्हणजे तुमचा फिल्टर हा प्रीफेचला सर्वात न झेपणारा प्रकार आहे. आणि उडी आली की प्रीफेच केलेली ओळ वायाच जाते.

म्हणून तिसरी गोष्ट, इन्स्ट्रक्शन कॅश. ६४ ओळी, प्रत्येक १६ बाइटची, एकूण १ किलोबाइट. याशिवाय डेटासाठी वेगळ्या फक्त ८ ओळी, म्हणजे १२८ बाइट. लूप एकदा कॅशमध्ये आला की फ्लॅशचं तोंडही बघावं लागत नाही. 'शून्य वेट स्टेटसारखी कामगिरी' असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं ते याच्या जोरावर, आणि बेंचमार्क लूपमध्ये ते खरंही ठरतं.

पण तुमचा इंटरप्ट बेंचमार्कसारखा वागत नाही. तो १,३०० सायकल चालतो आणि उरलेल्या ३८० मध्ये तुमचा मेन लूप चालतो. मेन लूप लहान असेल तर इंटरप्टचा कोड आणि तो, दोघं मिळून १ किलोबाइटमध्ये नांदतात. पण मेन लूप ज्या वेळी एखाद्या मोठ्या फंक्शनमध्ये शिरतो, डिस्प्ले रंगवतो किंवा मजकूर जुळवून सीरियलवर पाठवतो, त्या वेळी तो इंटरप्टच्या ओळी कॅशमधून हुसकावून लावतो. पुढच्या इंटरप्टला सगळं फ्लॅशमधून नव्याने आणावं लागतं. इंटरप्टचा कोड ७०० बाइटचा धरला तर त्या ४४ ओळी झाल्या. प्रत्येकीला काही सायकल धरून बघा, तुमचा मधूनच येणारा लांब फेरा कुठून येतो याचा बराचसा उलगडा होईल.

मला हे शिकायला एक प्रोजेक्ट मोजावा लागला. मोटर चालवणारं एक बोर्ड होतं, करंट लूप महिनोनमहिने व्यवस्थित चालत होता. सहकाऱ्याने लॉगिंगचं एक फंक्शन घातलं, तेही मेन लूपमध्ये. इंटरप्टच्या कोडला हातसुद्धा लावला नव्हता. तरी दुसऱ्या दिवसापासून मोटर अधूनमधून कुरकुरायला लागली. आम्ही आठवडाभर हार्डवेअरवर संशय घेतला, कपॅसिटर बदलले, ग्राउंडच्या वायरी हलवल्या. शेवटी इंटरप्ट सुरू होताना एक पिन वर आणि संपताना खाली केली आणि ऑसिलोस्कोप तासभर नुसता चालू ठेवला. पल्सची रुंदी फुगताना दिसली आणि लॉगिंग बंद केलं की जाग्यावर आली. लॉगिंगच्या फंक्शनमध्ये चूक काहीच नव्हती, ते फक्त मोठं होतं.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे इंटरप्टचा कोड रॅममध्ये टाकायचा. रॅमला वेट स्टेट नाहीत, तेव्हा वेग वाढणारच असं वाटतं. एम४ वर तसं होईलच असं नाही. या कोअरला कोड आणणारी बस, कोडच्या भागातला डेटा आणणारी बस आणि बाकी सगळ्यासाठी सिस्टिम बस अशा तीन वाटा आहेत. कोड फ्लॅशमध्ये आणि डेटा रॅममध्ये असला की दोन्ही एकाच वेळी येतात. हार्वर्ड रचनेचा सगळा फायदा तोच. कोड साध्या रॅममध्ये नेला की इन्स्ट्रक्शनही सिस्टिम बसवरून येतात आणि डेटाही तिथूनच. दोघं एकमेकांची वाट अडवतात, शिवाय त्या बसवरून इन्स्ट्रक्शन आणायला कोअरमध्येच एक सायकल जादा जाते. आमच्या त्या बोर्डवर आम्ही हेच केलं: सरासरी थोडी वाढली, पण चढउतार जवळजवळ नाहीसा झाला. आम्हाला तेच हवं होतं. तुमची सरासरी १,३०० आहे आणि मर्यादा १,६८०, तेव्हा तुम्हालाही हा सौदा परवडेल, पण मोजून खात्री करा.

याच चिपमध्ये ६४ किलोबाइटची सीसीएम रॅम आहे. ती थेट कोअरच्या डेटा बसला जोडलेली आहे, त्यामुळे तिथे डीएमए (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणारं हार्डवेअर) पोचत नाही आणि कुणाशी भांडणही होत नाही. अनेकजण उत्साहाने तिथे कोड टाकतात आणि हार्ड फॉल्ट (प्रोसेसरची गंभीर चूक) बघत बसतात. एफ४०७ मध्ये सीसीएममधून कोड चालत नाही. एफ३०३ किंवा जी४ मालिकेत चालतो, म्हणून हा गोंधळ होतो. तुमच्यासाठी मात्र ती डेटा ठेवायला उत्तम जागा आहे, आणि त्यावरूनच मला तुमच्या कोडबद्दल दुसरा संशय येतो.

फिल्टरचे ६४ कोइफिशंट (गुणक) तुम्ही 'कॉन्स्ट' म्हणून लिहिले आहेत ना? मग ते फ्लॅशमध्ये बसलेत. ६४ फ्लोट म्हणजे २५६ बाइट, म्हणजे १६ ओळी. डेटा कॅश ८ ओळींची. क्रमाने वाचत गेलं की नववी ओळ पहिलीला बाहेर काढते, आणि पुढच्या इंटरप्टला पुन्हा पहिलीपासून सुरुवात होते तेव्हा ती तिथे नसते. ही कॅश तुमच्या कोइफिशंटसाठी असून नसल्यासारखी आहे. १६ ओळींना ५-५ सायकल म्हणजे दर फेऱ्याला ८० सायकल निव्वळ थांबण्यात. त्यातही फ्लॅशवर डेटाची मागणी इन्स्ट्रक्शनच्या मागणीच्या पुढे घेतली जाते, म्हणजे तेवढा वेळ प्रीफेचही खोळंबतो. कोइफिशंट, फिल्टरचा इतिहास ठेवणारा ॲरे आणि शक्य असेल तर स्टॅकसुद्धा सीसीएममध्ये न्या. एडीसीचा (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाचा) डेटा डीएमएने येत असेल तर तो बफर मात्र साध्या रॅममध्येच राहू द्या.

आता गणिताच्या हार्डवेअरकडे. इथे एम४ खरोखर दिलदार आहे. पूर्णांकाचा गुणाकार अधिक बेरीज एका सायकलमध्ये होते. १६ बिटांचे दोन गुणाकार आणि त्यांची बेरीज ॲक्युम्युलेटरमध्ये, हेही एका इन्स्ट्रक्शनमध्ये आणि एका सायकलमध्ये होतं. तुमचा डेटा १२ बिटांच्या एडीसीतून येतोय, तेव्हा १६ बिटांचा फिक्स्ड पॉइंट फिल्टर अगदी शक्य आहे: ६४ गुणाकारांच्या जागी ३२ इन्स्ट्रक्शन, आणि कोइफिशंटही अर्ध्या जागेत, म्हणजे १२८ बाइटमध्ये. स्केलिंग सांभाळावं लागतं, ओव्हरफ्लोची काळजी घ्यावी लागते. ते नको असेल तर फ्लोटमध्येच राहा. बेरीज आणि गुणाकार प्रत्येकी १ सायकल, दोन्ही मिळून करणारी इन्स्ट्रक्शन ३ सायकल, भागाकार १४. पूर्णांकाच्या भागाकाराला २ ते १२ सायकल लागतात, किती ते आकड्यांवर ठरतं. पीआयडीमध्ये स्थिर संख्येने भागत असाल तर तिचा व्यस्त काढून ठेवा आणि गुणा.

मात्र फ्लोटमध्ये एक खड्डा आहे, आणि त्यात प्रत्येकजण एकदा पडतो. एम४ चं एफपीयू (फ्लोटचं गणित करणारं हार्डवेअर) फक्त सिंगल प्रिसिजनचं, म्हणजे ३२ बिटांचं, आहे. कोडमध्ये तुम्ही नुसतं ०.५ लिहिलंत, मागे एफ लावला नाही, तर सी भाषेच्या नियमाने तो डबल (६४ बिटांचा) होतो आणि त्याच्याबरोबरचं गणितही डबलमध्ये जातं. डबलसाठी हार्डवेअर नसल्यामुळे कंपायलर गुपचूप लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो. जिथे एक सायकल लागायची तिथे डझनावारी लागतात, आणि त्या फंक्शनचा कोडही फ्लॅशमधून यायचा. एरर येत नाही आणि उत्तरही बरोबर येतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. कंपायलरची डबल-प्रमोशनची वॉर्निंग चालू करा. मॅप फाइलमध्ये (कुठलं फंक्शन कुठे बसलं त्या यादीत) डबलच्या गुणाकार-बेरजेची फंक्शनं दिसली तर चोर घरातच आहे असं समजा.

एफपीयूचा इंटरप्टशीही संबंध आहे. एम४ मध्ये इंटरप्टमध्ये शिरायला १२ सायकल लागतात, तेही मेमरीला वेट स्टेट नसतील तेव्हा. एक इंटरप्ट संपताना दुसरा रांगेत असेल तर रजिस्टर काढून पुन्हा ठेवायचा खटाटोप टाळला जातो आणि ६ सायकलमध्ये दुसरा सुरू होतो. एरवी ८ रजिस्टर स्टॅकवर जातात. पण ज्या कोडला अडवलं तो एफपीयू वापरत असेल तर २६ शब्दांची जागा राखली जाते. हार्डवेअर इतकं चतुर आहे की फ्लोटची रजिस्टर लगेच लिहीत नाही, फक्त जागा धरून ठेवतं. इंटरप्टमध्ये पहिली फ्लोट इन्स्ट्रक्शन आली की मगच ती लिहून काढतं. तुमचा इंटरप्ट फ्लोट वापरतोच. म्हणजे मेन लूपने फ्लोट वापरला असेल तर एक खर्च, नसेल तर दुसरा. पंधरा-वीस सायकलचा हा फरक आहे, फार मोठा नाही, पण चढउतार शोधताना तो माहीत असलेला बरा.

'मग एम७ का घेऊ नये?' हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. एम७ एका सायकलमध्ये दोन इन्स्ट्रक्शन सुरू करू शकतो, त्यात खरं ब्रँच प्रेडिक्शन आहे, इन्स्ट्रक्शन आणि डेटा दोन्हींसाठी खरीखुरी कॅश आहे. पण मला त्यातली सर्वात आवडती गोष्ट यांपैकी एकही नाही. ती म्हणजे टीसीएम, कोअरला खेटून बसवलेली रॅम, कोडसाठी वेगळी आणि डेटासाठी वेगळी. इंटरप्टचा कोड तिथे टाकला की कॅशची लहर, फ्लॅशची गती, बसवरची गर्दी यांच्याशी त्याचा संबंध उरत नाही. बाकी प्रोग्रॅम कॅशमधून चालू दे. हार्ड रिअल-टाइम कामासाठी एम७ घेऊन टीसीएम रिकामी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला ते अजूनही कळत नाही.

त्याची किंमत अशी की डेटा कॅश चालू केली की डीएमए आणि कोअर एकाच पत्त्यावर वेगवेगळं बघू शकतात. डीएमएने रॅममध्ये नवा डेटा लिहिला, कोअर मात्र कॅशमधला जुना वाचतोय, असं होतं. बफर ३२ बाइटच्या ओळीवर अलाइन करणं आणि वाचण्याआधी ती ओळ इनव्हॅलिडेट करणं (कॅशमधली प्रत रद्द करणं), किंवा एमपीयूने (मेमरीच्या भागांचे नियम ठरवणाऱ्या हार्डवेअरने) तो भाग कॅशबाहेर ठेवणं, हे स्वतः करावं लागतं. अलाइन न केलेल्या बफरच्या ओळीत शेजारचं एखादं व्हेरिएबल असलं, तर इनव्हॅलिडेट करताना त्याची नवी किंमतही पुसली जाते. असा बग शोधायला लागू नये.

तुमच्या बोर्डवर परत येऊ. सुरुवात मोजण्यापासून करा. कोअरच्या डीडब्ल्यूटी या मोजमापाच्या विभागात ३२ बिटांचा सायकल काउंटर आहे. १६८ मेगाहर्ट्झला तो साधारण साडेपंचवीस सेकंदांनी शून्यावर येतो, पण वजाबाकी बिनखुणेच्या संख्येत केली की त्याने काही बिघडत नाही. इंटरप्टच्या पहिल्या ओळीत तो वाचा, शेवटच्या ओळीत वाचा, आणि सरासरी काढू नका. फक्त कमाल किंमत साठवा, आणि ती आली त्या वेळी मेन लूप कुठे होता ते स्टॅकवरच्या परतीच्या पत्त्यावरून टिपून ठेवा. दोन-चार नोंदींत एकच फंक्शन पुन्हा पुन्हा दिसायला लागेल. एक लक्षात असू द्या: हा आकडा आत शिरायला लागलेला वेळ मोजत नाही. त्यासाठी टायमरचाच काउंटर इंटरप्टच्या सुरुवातीला वाचा. तो शून्यापासून किती पुढे गेलाय ते म्हणजे तुमचा उशीर.

मग फ्लॅशच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये प्रीफेच आणि दोन्ही कॅशचे बिट चालू आहेत का ते बघा. हसू नका, दुसऱ्याकडून आलेल्या सुरुवातीच्या कोडमध्ये ते बंद असलेले मी दोनदा पाहिले आहेत. त्यानंतर डबलची वॉर्निंग, मग कोइफिशंट सीसीएममध्ये. एवढ्यावर पुन्हा मोजा. माझ्या अंदाजाने सरासरी चांगलीच खाली येईल, आणि लांब फेराही बहुधा मर्यादेच्या आत येईल. नाही आला तर फिल्टर १६ बिटांत आणा. इंटरप्टचा कोड रॅममध्ये नेणं सर्वात शेवटी, कारण त्यासाठी लिंकर स्क्रिप्टला (कोड कुठल्या मेमरीत बसेल ते ठरवणाऱ्या फाइलला) हात लावावा लागतो, आणि त्या कोडने बोलावलेलं एखादं फंक्शन फ्लॅशमध्येच राहून गेलं तर केलेलं सगळं पाण्यात जातं. नेलाच तर डिसअसेंब्ली उघडून त्यातली प्रत्येक उडी कुठल्या पत्त्यावर जाते ते डोळ्यांनी तपासा.

आणि सीरियल पोर्टच्या इंटरप्टची प्रायॉरिटी टायमरच्या बरोबरीची आहे का, तेही बघून घ्या. बरोबरीची असेल तर तो आधी सुरू झाल्यावर टायमरला तो संपेपर्यंत थांबावंच लागतं, आणि मग वर लिहिलेल्यापैकी कुठलंही हार्डवेअर तुमच्या मदतीला येत नाही.